राखणदाराची जुडी

ऐका. जवळ सरका, आणि मागच्या अंधाराकडे पाहू नका.

धाकू परब तिन्हीसांजा टळल्यावर घरून निघाला. बायको जाऊन वर्ष लोटलेले. घरात बोलायला भिंती. पलीकडच्या गावात लेक वासंती बाळंत झाली होती. तिच्यासाठी डोक्यावर लाल माठाच्या भाजीची टोपली. केवढी पाने, सांगू? तळहाताहून रुंद. त्या वर्षी शहराच्या गटारांतला वाळवलेला गाळ साऱ्यांनीच मळ्यांत पसरला होता. फुकट मिळाला, पीक माजले. त्याच गटारांत धातूंचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी जाते, हे कुणाच्या मनात आले? कुणाच्याही नाही.

आपली रीत ठाऊक आहे ना? पहिली जुडी राखणदाराची, मळा राखणाऱ्या न दिसणाऱ्या देवाची. धाकूने ती बांधावरच्या दगडापाशी ठेवली होती. एकट्या धाकूला रात्रीची सोबत त्या राखणदाराचीच. मागून त्याची काठी वाजे, ठक, ठक, आणि धाकू तिच्याशी सुखदुःखाचे बोले.

त्या रात्री काठी वाजली, पण खुरडत. मग कंदील विझला. वारा नव्हता, तरी विझला. धाकू चालत राहिला, आणि पाहतो तर समोर त्याचाच मळा. पुन्हा निघाला. पुन्हा मळाच. वाट तीच, पाय त्याचेच, मग हे काय? आता टोपली जड होऊ लागली. धोंड्यासारखी जड. मान वाकली, गुडघे टेकले, श्वास कोंडला.

"माजा काय चुकला, म्हाराजा?" धाकूने विचारले.

अंधारातून थकलेला आवाज आला. "तू दिलंस, मी खाल्लंय. माका हाडां नाय रे धाकू, तरी हाडां ठणकतत. त्या मातयेत धातूचा ईख हा, जहर हा. पाल्यात चढला. चेडवाक, तुज्या वासंतीक, ह्यो पालो देऊ नको. तिच्या दुधात उतरात."

धाकूने टोपली उलटी केली. मान सुटली, वाट सुटली. पहाटे तो लेकीच्या दारात उभा राहिला, रिकाम्या हातांनी. बाप असून पालेभाजीसुद्धा आणवली नाही, असे सासरची माणसे कुजबुजली. धाकू बाळाकडे पाहत राहिला.

पुढे धाकूने गावात हे सांगितले, आणि गाळ टाकणे सर्वांनी सोडले. माती मात्र घेतलेले सोडत नाही. म्हणून सांगतो, रात्री त्या बांधावरून जाऊ नका. तिथे तुम्हाला कुणी मारणार नाही. तिथे एक भुकेला बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे ठेवण्याजोगे आपल्या मळ्यांत काही उरलेले नाही.