घडी मी मोडली, चेहरा दुसरीचा

...नाही, आधी मला हे सांगू द्या, की 'घडी मोडणे' म्हणजे साडी चुरगळणे नव्हे. परवा एका चांगल्या शिकलेल्या सूनबाईने मला विचारले, 'मोडली तर परत इस्त्री करून घ्यायची ना, टीचर?' आता हिला काय सांगणार? नवे वस्त्र पहिल्यांदा अंगाला लावायचे, ती घडी मोडणे. आणि आमच्या वडगावच्या घरात, म्हणजे माझ्या माहेरी, जिथे आजोबांपासून माग आहे, तिथे त्याला मान आहे. मागावर नवा नमुना उतरला की त्यातली पहिली साडी विकत नाहीत. घरातल्या मानाच्या बाईला नेसवतात, ती नेसून देवाला आणि मागाला नमस्कार करते, मग बाकीचा माल बाजारात जातो. तिचा गुण मालाला लागतो, अशी समजूत. बहुधा हा मान आत्याचा. मान म्हणते मी, जाहिरात म्हणत नाही. आणि एवढा एक भेद माझ्या भाच्याला, विनोदला, कळला असता तर आज तुमच्यापुढे उभी राहून मी घसा कोरडा केला नसता.

तुम्हाला सांगते, मी उभा जन्म खानापूरला संस्कृत शिकवले, आणि वर्गाच्या सामूहिक फोटोंखेरीज माझा फोटो कुठे नाही. आधारकार्डावर एक आहे, पण तो माझा आहे असे केवळ सरकार म्हणते. फेसबुक नाही, स्टेटस नाही. फोनवर जिथे लोक आपापली तोंडे लावतात तिथे माझे रिकामे वर्तुळ आहे. मला लावता येत नाही म्हणून ते रिकामे आहे असे माझ्या भावजयीला वाटते. तसे नाही हो. ते मी ठरवून रिकामे ठेवले आहे. आपला चेहरा कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये, हे आपले आपण ठरवावे, एवढी एकच माझी मिळकत, आणि ती मला शेवटपर्यंत राखायची होती.

तर वडगावला गेले. विनोदने बापाच्या मागे लागून नवा नमुना काढवला होता. शेवाळी अंग, जांभळे काठ, पदरावर बारीक चौकडी. साडी सुरेख होती, हे कबूल केले पाहिजे, या सगळ्या प्रकरणात निर्दोष अशी ती एकटीच. नेसले, देवाला नमस्कार केला, मागाला केला, तोवर हा फोन घेऊन पुढे.

'आत्या, जरा दाराम्होरं हुभी ऱ्हा की गं. एकच काढतो.'

'कशाला?'

'घरात ठिवायला गं.'

'विनोद, हा फोटो घराबाहेर जाता कामा नये.'

'न्हाय जात. आईची शप्पत.'

आतून माझी भावजय मनिषा म्हणाली, 'माझी कशाला घालतोस रं? तुझी तू घाल की.' तेव्हाच मी ओळखायला हवे होते. ज्या शपथेला सख्खी आई जामीन राहत नाही, त्या शपथेवर मी दारात उभी राहिले, पदर चिमटीत धरून, अगदी सरळ.

पुढे काय, तर खानापूरचा बाजार. मालुबाई, जिच्याकडून मी वर्षानुवर्षे भाजी घेते, ती वांगी तोलता तोलता थांबली आणि म्हणाली, 'टीचर, साड्या इकायला लागलासा व्हय? सांगायचं तरी.' मी म्हटले, 'कोण म्हणते?' तिने फोन पुढे केला, आणि त्यात मी. दारात उभी. खाली लिहिलेले: 'मॅडमनी नेसलेली सेम टू सेम साडी, लवकर कळवा, संपत आली.' संपत आली ती साडी की मॅडम, याचा खुलासा नव्हता. त्याखाली कोणी अंगठा दाखवलेला, कोणी 'काठ अजून रुंद पायजे' असे सुचवलेले, आणि एका बाईने, जिचे मी आयुष्यात काही वाकडे केलेले नाही, लिहिले होते, 'मॅडम सोडून बाकी छान.'

आता मला सांगा, विचारायला काय तोंड नव्हते? 'हा फोटो टाकू का' एवढे चार शब्द. मी नाही म्हणणार हे पक्के ठाऊक होते, म्हणून विचारले नाही. आणि याला ही पोरे वर काय म्हणतात, तर 'तुला तरास नको म्हणून.'

फोन केला. तर साहेब शांत.

'आत्या, खरंच गं, घरातच ठिवलतो. आमच्या घरच्या ग्रुपवर.'

'त्या घरच्या ग्रुपवर कोण कोण आहे?'

'घरचीच की सगळी. आप्पा, आई, पिरनवाडीची मावशी, सूतवाला, रंगारी, रंगाऱ्याचा मेव्हणा, निपाणीची तेजस्वी वयनी...'

'ही तेजस्वी कोण?'

'ती न्हाय का, आपल्या साड्या फोनवरनं इकती.'

म्हणजे पाहा, वडगावच्या दोन खोल्यांचे घर, पण त्याचा उंबरठा निपाणीला. मी म्हटले, 'विनोद, आत्ताच्या आत्ता तो काढून टाक, आणि त्या तेजस्वीलाही काढायला सांग.' 'काढतो की, त्यात काय.' आणि तुम्हाला सांगते, पोरगा शब्दाचा इतका पक्का, की त्याने खरोखर काढले. पुढच्या बाजाराला मालुबाईने स्वतःहून फोन दाखवला. दार होते, साडी होती, हात होते, गळा होता, गळ्याच्या वर काही नव्हते. हनुवटीखाली कापले होते, तेही तिरके.

'आता बरं झालं बगा टीचर,' मालुबाई म्हणाली. 'आता तुमी हाय म्हणून कुणाला कळायचं बी न्हाय. म्या आपलं तुमच्या हुभं ऱ्हायच्या तऱ्हेवरनं वळखलं. पोरास्नी वरडायच्या आधी हुभ्या ऱ्हातासा तशा.'

पुन्हा फोन. 'विनोद, हे काय केलेस?'

'तूच म्हणलीस की, काढ म्हणून. तोंड काढलं.'

'मी फोटो काढ म्हटले होते.'

'आता फोटोच काढला तर साडी दिसंल कशी, आत्या?' आणि हे अशा समजुतीच्या सुरात, की जणू मीच त्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसले आहे. विचारायला काय तोंड नव्हते? त्याला होते. नव्हते ते मला, आणि तेही त्यानेच छाटले.

इथे थांबले असते तरी मी सोसले असते. बिनचेहऱ्याची का होईना, कोणाला कळत नाही ना, असे म्हणून गप्प बसले असते. पण तेजस्वीबाईंच्या गिऱ्हाइकांना ते सोसेना. 'बिनमुंडक्याची बाई बगून माणसं दचकत्यात हो,' असे तिने विनोदला कळवले, आणि मग फोनलाच सांगून तिने त्या गळ्यावर एक नवे तोंड बसवून घेतले. हो, हल्ली फोनला सांगितले की तो बसवून देतो. त्यालाही कोणी शिकवलेले नाही की आधी विचारावे. कोवळी पोरगी, गालाला खळी, दात असे पांढरे की डोळे दिपावेत. मानेपर्यंत पेन्शन आणि मानेच्या वर कॉलेज. आणि खाली चिमटीत पदर धरलेला माझा हात, मनगटावर आतल्या बाजूने बांधलेले माझे घड्याळ, आणि कोपराच्या खाली लहानपणी तापलेल्या तव्याने दिलेला डाग, तो सुद्धा.

मी त्या तेजस्वीला फोन लावला. बाई बोलायला गोड.

'आक्का, ह्या फोटोत आता तुमचं काय ऱ्हायलंय हो?'

'हात माझे आहेत.'

'हातांचं काय आक्का, हात सगळ्यास्नी असत्यात.'

'खांदा माझा आहे. उभी मी आहे.'

'हुभी तर ती पोरगी हाय की.'

'ती पोरगी कोण आहे?'

'कोण न्हाय. फोननं केलीया. म्हणून तर बरं, तिला कुणाला इचारायला लागत न्हाय.'

ऐकलेत? जी मुळी नाहीच, तिला विचारावे लागत नाही म्हणून बरी; आणि जी आहे, तिला विचारावे लागते म्हणून तिची मान उडवली. आणि हे बोलताना तिच्या आवाजात खोट अशी नव्हती हो. तिला मनापासून वाटत होते, की माझ्यावर तिने उपकार केला आहे.

पोलीस ठाण्यात गेले. कोणत्या, ते सांगत नाही. तिथल्या हवालदार बाई अतिशय सभ्य. त्यांनी फोटो आडवा धरला, उभा धरला, आणि कानडीत विचारले, 'इदराग निम्म मारी एल्लैती री?' म्हणजे यात तुमचे तोंड कुठे आहे? मी सांगितले, तेच तर गेले आहे. मग त्या मराठीवर आल्या. 'मग तोंड असलेला आणा की टीचर. दोन्ही जुळवून बघायला लागतंय, फाइलला लावायला लागतंय, वर पाठवायला लागतंय.' आणि मी उठून निघाले तेव्हा, जरा आवाज खाली घेऊन, 'ई सीरी एल्ली सिगतैतरी?' ही साडी मिळते कुठे. वाईट याचे वाटते, की विनोदचा नंबर मीच दिला.

मग मला वाटले, एकच उपाय. वडगावच्या घरी चैत्रातले हळदीकुंकू होते, गल्लीतल्या सगळ्या बायका येणार. तीच साडी नेसून, तसाच पदर धरून, त्याच दारात उभे राहायचे, म्हणजे पाहणाऱ्यांना आपोआप कळेल. उभी राहिले. शेजारच्या बायाक्का आल्या, त्यांनी मला वर पाहिले, खाली पाहिले, फोन काढून पाहिले, परत मला पाहिले. मी मनात म्हटले, आता म्हणतील, अगं बाई, ही तर तुम्हीच. तर म्हणाल्या, 'साडी तीच हाय न्हवं? त्या पोरीला कसली झ्याक दिसती बगा. साडी बी अंग बगूनच नेसाय पायजे, टीचर. तिच्या अंगाला जी शोभती ती तुमच्या अंगाला कुटली शोभायला.'

अंग माझे! पण हे मी कोणाला सांगू? सांगितले, तर मनिषा म्हणते, 'वन्सं, ऱ्हाऊ द्या, हसत्याल.' आणि तेवढ्यात विनोदला बुद्धी सुचली. म्हणाला, 'आत्या, तुजं खरं हाय हे मला ठाव हाय. लोकांस्नी बी दावूया. तुजा पयला, तोंडवाला फोटो आणि ह्यो, दोन्ही शेजारीशेजारी लावतो आणि सगळ्या ग्रुपवर टाकतो. घरात बसलेल्या लेकराला बी कळंल कोण खरी ते.' आणि पहिल्यांदाच, बघा हं, पहिल्यांदाच त्याने पुढे विचारले, 'टाकू का?'

आता आली का पंचाईत? फोटो माझा आहे हे पटवायचे, तर जो चेहरा झाकण्यासाठी एवढा आटापिटा केला, तोच पाच-पन्नास ग्रुपांवर उघडा टाकायचा. पोलिसांकडे तोच मागतात, भाचा तोच मागतो. आणि नाही टाकला, तर ते अंग, तो हात, ते उभे राहणे, सगळे त्या पोरीचे. भाऊ महादेव मागावरून उठून आला आणि हळूच म्हणाला, 'आक्का, तू सांगशील तसं.' मी विनोदला म्हटले, 'नाही. माझा चेहरा असलेला जो आहे तो माझ्यासमोर पुसून टाक. दुसरा राहू दे.' त्याने पुसला. मी पाहत उभी राहिले. चेहरा राखला; बाकीची मी, चाललीच आहे निपाणीच्या पलीकडे, तर जाऊ दे म्हटले.

आणि आता ही गोष्ट वडगावात, शहापुरात कशी सांगतात ठाऊक आहे? टीचरचा फोटो काढून भाच्याने तिथे तरुण पोरीचा लावला, म्हणून टीचर रुसल्या आणि पोलिसात गेल्या. साफ चूक. माझा फोटो काढलेला नाही, हेच तर दुखणे आहे. आणि तरुण पोरीचा लावलेला नाही, कारण तशी पोरगी या पृथ्वीतलावर नाही. हे मी विनोदला चारचौघांत सांगायला लावले, तर त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, 'आत्या, जरा थांब. काकतीहून तिला मागणी आलीया. पोरगा नोकरीवाला हाय. घरच्यास्नी पोरगी पसंत हाय... फक्त हात तेवढे जरा थोराड वाटत्यात म्हणं.'