लागलं की लागलं म्हणायचं

...आता मला सांगा, झोप लागणार कशी? सोहेल शेजारी घोरतोय, एसी त्याच्याशी स्पर्धा लावल्यासारखा घुरघुरतोय, आणि मी छताकडे बघत पडलेय, की उद्या माझ्या पोरीला तलवार लागली तर काय होईल... नाही, तसं नाही, लागेल का ही काळजी नव्हतीच, तलवार फोमची असते हो, उशीचा फटका बसावा तशी बसते. माझी काळजी वेगळी. लागल्यावर ती सांगेल का?

हसा, हसा. मीही हसले असते. पण तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, पोरांना त्या लढाईला पाठवायच्या आधी सगळं नीट ऐकून घ्या. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली व्हॉट्सॲपवरचा फोटो बघितला, हिरवळीवर पोरं-माणसं ढाली घेऊन पळतायत, म्हटलं वा, स्क्रीनपासून सुटका. गेले नूरैनला घेऊन. नऊ वर्षांची पोर, मनगट एवढंसं, आणि मी तिला युद्धावर सोडायला निघालेली आई. पिशवीत काय, तर ओले टिश्यू.

तर हे असं असतं. हिवाळ्यात दर शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर, दुपार कलली की, इथेच कतारात, अल खोरच्या पार्कात. उत्तरेचं राज्य, दक्षिणेचं राज्य, आणि मध्ये एक विहीर. विहीर म्हणजे प्लास्टिकचा निळा टब. ती कोणाची यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. वाळवंटात माणूस दुसरं भांडणार कशावरून? जो येईल त्याने एक नाव घ्यायचं, एक सोंग घ्यायचं आणि संध्याकाळ होईपर्यंत तेच होऊन राहायचं. आठवडाभर कंट्रोल रूममध्ये आकडे बघणारा माणूस तिथे सेनापती असतो, दाताची डॉक्टर असते ती जखमा भरणारी जोगीण असते, आणि काय सांगू तुम्हाला, ती खरंच जोगीण वाटते, मी तिच्याकडे दाढ दाखवायला जाते तेव्हा आता मला तिच्यासमोर नुसतं तोंड उघडायचंही दडपण येतं.

आणि या सगळ्यांची प्रमुख कोण? सत्यभामा मॅडम. कोल्हापूरच्या. शाळेत फिजिक्स शिकवतात, आणि शुक्रवारी कमरेला ओढणी बांधून उत्तरेचं राज्य चालवतात. बाईंचा आवाज असा, की त्यांनी ‘थांबा’ म्हटलं की दोन्ही सैन्यं तर थांबतातच, बाहेर रस्त्यावर सायकलवाला पण पाय टेकतो.

नवीन आहात म्हणून सांगते, तलवार घरी करायची असेल तर आत हलका पीव्हीसी पाइप, त्यावर एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा फोम, वरून टेप, आणि टोकाला डबल फोम, खलास. एवढंच. मी काय केलं? मला वाटलं, अजून थोडं सुरक्षित. मग अजून थोडं. मग एक जुनी रजाई फाडली... मैदानावर नेली तेव्हा सत्यभामा मॅडमनी ती दोन्ही हातांनी उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि म्हणाल्या, "ताई, ही तलवार हाय की लोड? हिच्यावर रेलून बसायचं हाय का लढायचं हाय?"

मग त्यांनी मला हात पुढे करायला लावला. तिथली पद्धतच आहे ती, तुम्ही आणलेलं हत्यार आधी तुमच्यावरच पडतं. ज्याची तलवार त्याने पहिला फटका खायचा, मग दुसऱ्याला मारायचा. मला इतकं आवडलं ते. म्हटलं, ही पद्धत घराघरात लावली पाहिजे, बोलण्याच्या बाबतीतसुद्धा.

डोक्यावर मारायचं नाही, मानेवर नाही. हाताला लागलं की तो हात गेला, पाठीमागे धरायचा. पायाला लागलं की गुडघ्यावर बसून लढायचं. अंगाला लागलं की मेलात, डोक्यावर हात ठेवायचा आणि मेलेल्यांच्या चटईवर जाऊन बसायचं. चपला घालून जाऊ नका, बूट घाला. पाणी घरून न्या, विहिरीतलं पिऊ नका, मी एका आजोबांना पिताना बघितलंय.

आणि पंच नाही.

पंच नाही म्हणजे नाहीच. शिट्टी नाही, रेफ्री नाही. लागलं की ज्याला लागलं त्यानेच ओरडून सांगायचं. आपापल्या भाषेत. मल्याळी मल्याळीत ओरडतात, फिलिपिनो त्यांच्यात, इजिप्तचे एक काका तर असं ओरडतात की अँब्युलन्स बोलवावी वाटते. भाषा कुठलीही, पण जोरात, आणि लगेच. मारणाऱ्याने ‘लागलं, लागलं’ म्हणून हुज्जत घालायची नाही. मोठमोठी माणसं हो, ऑफिसात एक चूक कबूल करायला तीन ईमेल लागतात ज्यांना, ती तिथे भर मैदानात, कोणी बघितलेलं नसताना, स्वतःहून हात वर करून सांगतात की मला लागलं, मी गेलो. मी बघतच राहिले.

आणि नेमकी इथेच माझी पोर अडकली.

कारण आमच्या घरात कोणाला काही लागतच नाही. पिढीजात. पोर पडलं की आम्ही काय म्हणतो? "काही नाही झालं, मुंगी मेली, ऊठ." तुम्ही पण म्हणता, मला माहितीये. माझ्या सासूबाई, हजराबी, खेडला असतात, त्या तर व्हिडिओ कॉलवरून पण म्हणतात. नूरैन सोफ्यावरून धाडकन पडली तरी तिथून आवाज, "काय झाला नाय गो, मुंगी मेली मुंगी." इतक्या वर्षांत आमच्या घराण्याने किती मुंग्या मारल्या असतील, अल्ला जाणे. पण पोर शिकली ना. बूट चावत होते, सांगितलं नाही, मला कळलं कधी, तर मोजे धुताना. कान दुखत होता, ताप चढला तेव्हा डॉक्टरने सांगितलं. आपण मराठीत विचारायचं, "बाळा, काय झालं?" आणि तिकडून इंग्लिशमध्ये एकच उत्तर, "नथिंग, मम्मा."

तर पहिल्या शुक्रवारी दक्षिणेकडून लढणाऱ्या, हिच्याच वयाच्या माहिराने तिला खांद्यावर स्वच्छ मारलं. सगळ्यांनी बघितलं. ही लढतेच आहे. मग पोटावर. ही लढतेच आहे. माहिरा बिचारी थांबली, वाट बघितली, आणि मग तिच्या तोंडून गेलं, "शी इज चीटिंग." नूरैनचा चेहरा असा लाल झाला... आणि माझी बत्तीस पावलं दूर उभी राहून काय अवस्था झाली ते विचारू नका. माझी मुलगी खोटारडी नाहीये हो. तिला फक्त ‘लागलं’ हा शब्द येत नाही.

निघताना सत्यभामा मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी खोटी न्हाई, मला कळतंय. पण पुढच्या शुक्रवारी पण बोलली न्हाई, तर मी तिला पाणी वाटायला बसवणार. रागानं न्हाई, ताई. ज्याला स्वतःला लागलेलं सांगता येत न्हाई, त्याला आपला हात दुसऱ्याला किती लागतोय तेबी कळत न्हाई." आणि नूरैन गाडीत मागे बसून खिडकीबाहेर बघतेय. म्हटलं, "वाईट वाटलं का गं?" नथिंग, मम्मा.

मग काय, आठवडाभर घरी प्रॅक्टिस. हॉलमध्ये मी, सोहेल आणि नूरैन. सोहेल म्हणाला, "आधी मी दाखवतो कसं करायचं ते." तिने त्याला दंडावर मारलं. आणि हा माणूस, तुम्हाला सांगते, छाती काढून म्हणतो कसा, "काही नाही लागलं." मी म्हटलं, अरे, तुला लागलं म्हणायचंय, शिकवतोयस तू. तर म्हणतो, "अगं पण खरंच नाही ना लागलं." मी म्हटलं बाजूला हो, मी दाखवते. पुढे आले ती टीपॉयच्या कोपऱ्यावर नडगी आपटली, डोळ्यांपुढे काजवे, आणि माझ्या तोंडून आपोआप काय निघावं? "काही नाही, काही नाही, ठीक आहे." नूरैन एकदा माझ्याकडे बघतेय, एकदा तिच्या बाबाकडे. आता ही पोर शिकणार कोणाकडून?

सुरुवातीला सांगितली ना, छताकडे बघत काढलेली रात्र, ती हीच, त्या दुसऱ्या शुक्रवारच्या आदल्या दिवसाची.

नवीन आहात म्हणून सांगते, मरायला शिकायचं असेल तर केरबाभाऊंकडे बघा. साताऱ्याकडचे, रास लफानच्या गॅस प्लांटवर स्कॅफोल्डिंगचे, म्हणजे परांच्या बांधणाऱ्यांचे फोरमन, बायकापोरं गावी. हा एवढा मोठा देह. हातात ड्रमच्या झाकणाची ढाल. एकटा माणूस पाचजणांना अडवतो, पण एखाद्या चिमुरड्याची तलवार नुसती गुडघ्याला घासली ना, की, "आग आई गं, लागलं," करून असा कोसळतो की हिरवळ हलावी. मग एका हातावर उठतो, आपल्या राज्याला निरोप देतो, गावाकडच्या म्हशीची चौकशी करतो आणि मग मरतो. त्यांना ज्याने मारलं ते पोर आठवडाभर जमिनीवर नसतं. मी त्यांना विचारलं, इतकं कसं हो छान मरता? तर म्हणाले, "वैनी, दिवसभर साइटवर हेल्मेट घालून पोरांस्नी सांगत असतो, लागलं तर लपवू नका रं, लगेच सांगा. हितं तेच करतो. फक्त हितं मजा येते."

तर त्या शुक्रवारी नूरैन त्यांच्या ढालीमागे. मी बाहेर, दोरीच्या अलीकडे. आणि हे फार महत्त्वाचं, नवीन आहात म्हणून सांगते, काहीही झालं तरी आईबापांनी दोरी ओलांडायची नाही. आत पाय टाकला की तुम्ही लढाईत. मला तीनदा सांगितलं होतं. मी तीनदा मान हलवली होती.

दक्षिणेने चाल केली. केरबाभाऊ पडले, म्हशीपर्यंत पोचले. नूरैन एकटी. समोर माहिरा. दोघींच्या तलवारी एकदा, दोनदा, आणि मग माहिराचा फटका हिच्या कुशीत. मी बघितला. माहिराने तलवार खाली केली आणि वाट बघत उभी राहिली. सत्यभामा मॅडम विहिरीजवळ उभ्या. नूरैनचे ओठ घट्ट. मी मनात म्हणतेय बोल, बाळा, बोल, एकदा बोल...

"लागलं."

मराठीत. जिच्याकडून ‘पाणी दे’ एवढं मराठीत वदवून घ्यायला मला तोंड दुखवावं लागतं, ती पोर अख्ख्या पार्काला ऐकू जाईल अशी ओरडली, "लागलं!"

आणि मी काय केलं असेल? आनंद? टाळ्या? छे. नऊ वर्षांत पोर पहिल्यांदा लागलं म्हणाली हो. दोरी कुठली आणि नियम कुठला. मी धावत सुटले, ओढणी एकीकडे, चप्पल एकीकडे (बूट घाला म्हणून सांगितलं ना, ते यासाठी), "कुठं लागलं? दाखव, कुठं लागलं?" करत थेट रणांगणात. पाठीत एक बसली. दंडावर एक. आणि आमच्याच राज्याच्या सेनापतीने मला शत्रू समजून पायावर एक घातली.

"थांबा."

सगळं थांबलं. मी मध्ये गुडघ्यावर, नूरैनचा फ्रॉक उचलून कूस बघतेय. कूस ठणठणीत. ती डोक्यावर हात ठेवून, नियमाप्रमाणे मेलेली, शांत उभी. सत्यभामा मॅडम जवळ आल्या. "ताई, पोरगी झकास मेली. आता तुमचं काय? तीन ठिकाणी लागलंय तुम्हाला."

आणि माझ्या तोंडून, त्या चाळीस माणसांसमोर, "नाही नाही, मला काही नाही लागलं."

पहिली हसली ती माहिरा. मग सगळे. केरबाभाऊ मेलेल्या अवस्थेत हसत होते. मी मान खाली घातली, म्हटलं, "लागलं." हळू. मॅडम म्हणाल्या, "आईकू आलं न्हाई." मग ओरडले. काय सांगू तुम्हाला, बरं वाटलं. काहीतरी मोकळं झाल्यासारखं. तुम्ही एकदा ओरडून बघाच.

मग आम्ही दोघी मेलेल्यांच्या चटईवर. शेजारी केरबाभाऊ केळ्याचे वेफर्स खात बसलेले. समोर लढाई चाललेली, आणि आपल्याला आता काही करायचंच नाही, इतकी निवांत मी कतारात आल्यापासून बसले नव्हते. नूरैन मला टेकून बसली. म्हटलं, हीच वेळ. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, बाळा, आज तू मोठ्ठं काम केलंस. आता असंच सांगायचं. शाळेत, बसमध्ये, कुठेही, कोणामुळेही काही लागलं, दुखलं, तर मला सांगायचं. मी ऐकेन. रागावणार नाही. मुंगीचं नाव काढणार नाही.

तिने आधी केरबाभाऊंच्या वेफर्सच्या पिशवीत हात घातला. मी इकडे अंदाज बांधतेय. कोण असेल? बसमधलं कोणी असेल? टीचर असेल? मी मनातल्या मनात प्रिन्सिपॉलच्या केबिनपर्यंत पोचले होते, भांडणाचं पहिलं वाक्यही तयार होतं, इंग्लिशमध्ये.

तिने एक वेफर घेतला, सावकाश खाल्ला, आणि म्हणाली, "मम्मा, तू सकाळी माझी वेणी घालतेस ना... ते लागतं. एव्हरी डे."