टाकी निजेस्तोवर

वरोऱ्याच्या रेल्वे फाटकावर एसटी अडकली होती. खिडकीखाली दोन ड्रायव्हर बोलत उभे होते, एक घासलेटच्या टँकरचा, दुसरा बांबूच्या ट्रकचा. रंभाचा नवराही टँकरच चालवायचा, म्हणून तिनं कान दिला.

"बांबू सोडून टँकर धरू का, भाऊ?"

"धर. दोर बांधनं नाई, हमाल पाहनं नाई. तोटी खोलली का झालं काम. पन अर्धी टाकी बेक्कार. आपन ब्रेक मारतो, गाडी थांबते, आतलं घासलेट थांबत नाई. मागून ढकलूनच राह्यते."

"माया बांबू गाडीसंगंच थांबते."

"म्हनून गाडी उभी केली तरी मी लगेच उतरत नाई. ब्रेकवर पाय ठेवून बसतो, टाकी निजेस्तोवर."

रंभानं डोकं बाहेर काढलं.

"दारात बायको उभी असन तरी?"

"तरीबी, बाई. तंबाखूचा खर्रा घोटून होईस्तोवर."

"आमच्या घरचे सात सालापासून असेच वर बसून राह्यतात. मले वाटे, यायले घरात यायचंच नाई. मी रागानं कडी लावून घेई."

"त्यायनं कधी सांगतलं नाई?"

फाटक उघडलं. सुटत्या एसटीतून रंभा म्हणाली,

"कडी लावल्यावर कोनाले सांगतीन?"