कानात सांगायची जागा

— सुरी नको गं, ठेव ती बाजूला. बारीक हवं ना तुम्हाला? देते की बारीक करून. पण मात्सुताके अळंबीला लोखंड लावत नाहीत पोरी, हाताने फाडतात, अशी — दांड्यापासून वर — बघ कशी सुटत जाते, धागा धागा. आला वास? आता येईल. ह्या खोलीत तुमच्या औषधाचाच वास फार. — आणि ती नेच्याच्या पानाखालची काढू नकोस, ती राहू दे. ती मोजायची नाही, वेगळी ठेवलीय मी. माझं नाव सांगितलं ना, शिगे. गाव सांगितलं. आता कुठून काढली ते नको विचारू. — हो, नियम असेल, कळतं मला. तुझी साहेबीण रागावेल, तेही कळतं. मग लिहून टाक ना, डोंगरातून. कुठल्या? मागच्या. इथे जिथे उभं राहाल तिथून एक डोंगर मागे असतोच, खोटं थोडंच आहे त्यात?

तू इथली नाहीस वाटतं. सेंदाईची? मग तुला कसं ठाऊक असणार. आमच्याकडे अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, सख्ख्या भावाला नाही, बायकोला तर नाहीच नाही. बाप जायला टेकला की थोरल्या मुलाला उशाशी बोलावतात, बाकीच्यांना खोलीबाहेर काढतात, मग बाप कानात सांगतो. तेवढंच एक कानात. शेत, घर, देणंघेणं सगळं चारचौघांत बोलतात, ही एक जागा तेवढी कानात. माझे सासरे गेले तेव्हा मी चहा घेऊन दाराशी उभी, नवी सून, आणि सासूबाई मला हाताला धरून म्हणाल्या, चल, आपण मुळे चिरू. चिरत बसलो दोघी. त्यांनाही ठाऊक नव्हती — म्हणजे ठाऊक नाही असं दाखवायच्या. तेच शिकले मी पण. — मग मला कशी ठाऊक? अगं, कपडे कोण धुतं घरात? गुडघ्याला लाल माती, म्हणजे चढ गुडघ्यावर चढलेत. विजार नडगीपर्यंतच ओली, म्हणजे ओढ्यातून गेलेत. कॉलरमध्ये पाइनच्या सुया, बाहीला चेस्टनटचा काटा. इतकी वर्षं धुतले ह्यांचे कपडे, डोळे बांधून सोड मला डोंगरात, बरोबर जाऊन उभी राहीन. पण विचारायचं नाही. हे यायचे, टोपली ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, वाटेत दिसल्या. मी म्हणायची, बरं झालं. अशी आमची गंमत.

थांब, ही मोठी आहे, हिला वेळ लागेल. — हं. मग ते झालं. तिकडे किनाऱ्यावर ते अणुवीज केंद्र फुटलं, आणि दोन दिवसांनी इथे बर्फ पडला, त्या बर्फातून सगळं खाली आलं म्हणतात. आम्ही त्या दिवशी लाल मुळे उकरून खाल्ले होते, मला आठवतंय. मग गाव रिकामं केलं, पत्र्याच्या खोल्यांत ठेवलं आम्हाला, आणि परत जा म्हणाले तेव्हा परत आलो आम्ही दोघं. तरणी माणसं कोण येतंय? खाचरांची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली. घर धुतलं, अंगण धुतलं, घरामागे थोडासा डोंगर धुतला, आणि दोरी बांधली — इथवर. त्यापुढे नाही. हे त्या माणसाला म्हणाले, आणि दोरीच्या पलीकडचं काय? तर तो म्हणाला, आजोबा, डोंगर कोण धुणार. — बरोबरच बोलला तो. त्याचा काय दोष. पण हे हट्टी. शरद आला की खांद्यावर दाताळं टाकून निघायचे. मला सांगायचे, नुसतं बघून येतो, काढणार नाही. काढायचे नाहीतच, बंदी आहे ती पाळायचे. पण पाठीवर सुयांचा भारा बांधल्याच्या खुणा असायच्या शर्टाला, ओरखडे. म्हणजे झाडायचे गं ते! वरचा पालापाचोळा सगळा ओढून लांब नेऊन टाकायचे, दर वर्षी, त्या वयात. जे पडलं ते पाल्यावरच पडलं ना? पालाच काढून टाकला तर खाली राहिलं काय? सांग तू, शिकलेली आहेस. मला हे पटतं. म्हणून म्हणते, बाकीचा डोंगर जाऊ दे, पण तेवढी जागा स्वच्छ असणार. तुमच्या यंत्रावर शंभराच्या आत आली पाहिजे, बास. शंभराच्या आत असलं की खायचं ना? तसा तुमचाच कागद लावलाय भिंतीवर.

घे, झालं. पुरे एवढं? भर डब्यात. दाबून भरतेस होय, बरं. — किती वेळ लागतो? मग बसते मी. गाडी चार वाजता आहे, मला काय घाई. रविवारी पोरगा येतोय म्हणून हा सगळा खटाटोप. मित्सुनोरी, सायतामाला असतो. सूनबाई येईल आणि नात, होनोका. ती बाळ होती ते झालं तेव्हा, अंगावर पिणारी. आता शाळेत जाते, पोहायला जाते, फोटो पाठवतात. आमच्या घरात तिने पाऊल ठेवलेलं नाही अजून. आमच्या म्हणजे — माझ्या. हे वसंतात गेले. तर भात करीन म्हणते, मात्सुताकेचा, सोया घालून, ह्यांच्या आईच्या भांड्यात. सूनबाई वाईट नाही हं. मी बटाटे पाठवले होते एका वर्षी, इथेच मोजून, तुमचा शिक्का होता, काहीच सापडलं नाही असा. तिने फोन करून गोड सांगितलं, आई, पोचले, छान होते. पुढच्या वर्षी होनोका फोनवर मला विचारते, आजी, तू बटाटे का पाठवतेस, आई तर ते पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते. — पोर ती, तिला काय कळतं. मी सूनबाईला काही बोलले नाही. आई झाल्यावर मीही तेच केलं असतं. पण बटाटे हे बटाटे, दुकानात मिळतात. हे दुकानात मिळत नाही. हे खाऊन बघितलं असतं तर —

नाही, रविवार नक्की नाही तसा. — अगं, म्हणजे मी बोलवणार आहे. हा आकडा हातात आला की फोन करणार. आधी करून काय उपयोग? तो म्हणेल, मोजलंस का. तो असाच आहे, बापासारखा, आधी पुरावा. वसंतात दवाखान्यात आला होता ना, शेवटी. नर्सने सांगितलं, आता बोलून घ्या. मी आपण होऊन उठले, बाहेर गेले, दार लावून घेतलं. मुळे नव्हते चिरायला, म्हणून ते पेयांचं यंत्र असतं ना कॉरिडॉरमध्ये, त्याच्यातल्या बाटल्या बघत उभी राहिले. मनात म्हटलं, बरं झालं, सांगतायत. म्हणजे तो येणार. ज्याला जागा सांगितली तो शरदात घरी येतोच, न येऊन करतो काय, पाय ओढतात. दार उघडून बाहेर आला तर तोंड सगळं ओलं. माझ्याकडे बघेना. मी विचारलं नाही. विचारत नाहीत.

आणि मग गेल्या आठवड्यात केला फोन. म्हटलं, नोरी, थंडी पडली, वर आल्या असतील, तू कधी येतोस. तर म्हणतो, कुठे वर? काय आल्या असतील? मी म्हटलं, बाबांनी सांगितलं ना तुला. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, आई, बाबांनी मला कुठलीच जागा सांगितली नाही. मी म्हटलं, मग काय सांगितलं कानात? — नको गं, ते मी तुला कशाला सांगतेय. पाणी आहे का? — दे.

हे म्हणाले त्याला, इथे येऊ नकोस. मुलीला आणू नकोस, एका दिवसासाठीसुद्धा नको. आई गेली की थडगं उचल, आजोबांचं, माझं, सगळ्यांचं, तुझ्या तिकडे घेऊन जा आणि घर बंद कर. एवढंच. मी बाटल्या मोजत उभी आणि आत हे चाललेलं. ज्या कानात जागा सांगायची त्या कानात हे सांगितलं माणसाने! मला राग आला, खरं सांगते, मेलेल्या माणसाचा राग आला. मी फोटो पालथा घातला एक दिवसभर. म्हटलं, आजाराने डोकं चाललं नाही तुमचं. स्वतः पाठ मोडेपर्यंत झाडलीत ती जागा, ती कुणासाठी झाडलीत? म्हणून मीच गेले शेवटी वर. बाई कधी गेली नव्हती तिथे. गेले, काढल्या आणि आणल्या तुझ्याकडे. आता हा आकडा आला की म्हणणार त्याला, तुझ्या बाबांचं चुकलं.

— काय बघतेस अशी? हाताला काही लागलंय का माझ्या? — कोण आजोबा यायचे? असं नेच्यात गुंडाळून? हाताने फाडणारे, सुरी नको म्हणणारे? अगं, म्हातारे सगळे हातानेच फाडतात. — हे बोट? — हो. हे अर्धं होतं ह्यांचं, करवतीत गेलं होतं. — इथे? — दर शरदात? — ह्याच खुर्चीवर? नाही गं, ते केस कापायला यायचे शहरात. वर्षातून एकदा ह्या दिवसांत, केस कापून येतो म्हणायचे, आणि यायचेही कापून, मानेवर पावडर असायची. मला वाटायचं, थंडी पडली की माणसाला नीटनेटकं राहावंसं वाटतं. — जागा सांगत नव्हते? नाहीच सांगणार. — आणि यंत्रावर काय निघायचं? — पहिल्या वर्षी? — आणि मग? झाडून झाडून कमी व्हायला हवं ना? — वाढत? वाढत कसं जाईल, वरचा पाला तर — खाली. मातीत उतरलं. मुळांपाशी. असं सांगितलंस तू त्यांना? — आणि ते काय म्हणाले? — नुसतं वाकून नमस्कार केला. हो. करणार. तसेच होते ते.

म्हणजे डोकं चालत होतं त्यांचं.

वाजलं वाटतं तुझं यंत्र. — नको, तो आकड्याचा पडदा वळवू नकोस माझ्याकडे. तुझं तोंड दिसतंय मला. छापूही नको, मला घेऊन काय करायचंय. फोन करायचा होता त्याला, तो आता नाही करायचा, एवढंच ना. सोपं झालं उलट. — रडतेस कशाला? तू नाही फोडलंस ते. बस नीट. जागा हवी होती ना तुला मघाशी? लिही. गावदेवाच्या देवळामागून वाट आहे, ती ओढ्यावर संपते. ओढा ओलांडायचा नाही, ओढ्यातूनच वर चालायचं, पाणी नडगीएवढं. वीज पडून फाटलेला चेस्टनट लागेल, तिथे डाव्या हाताला बाहेर निघायचं, लाल मातीचा चढ आहे, उभ्याने नाही जमत, गुडघ्यावर चढावं लागतं. वर लाल पाइन. तिथे जमीन झाडलेली दिसेल, अंगणासारखी, आणि दाताळं एका झाडाला टेकवून ठेवलंय. तीच. — मोठ्याने बोलले का मी? बोलू दे. कुणाच्या कानाला आता जपायचंय.

लिहिलंस? बरं. टोपली दे इकडे. नेच्याखालची आहे ना त्यात? ती ह्यांच्या फोटोपुढे ठेवायची, फोटो सरळ करून. — ठेवून झाल्यावर? झाल्यावर घरातलं माणूस खातं, तुमच्याकडे सेंदाईला नाही खात? — असू दे गं, माझ्या वयाला काय करणारेय ते. तू नको मला शिकवूस. ते बघ, दाराशी कुणी मुळे घेऊन उभं आहे कधीचं. त्यांचं घे आता.