चेअरमनची फर्माईश

सावेडीचा आमचा विल्सन माहितीये ना? उभी जवानी पंक बँडमध्ये पुढाऱ्यांच्या नावानं बोंबलला. बँड फुटला, आता पन्नाशीत गिटार घेऊन एकटाच गातो. परवा पारनेरला एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला बोलावलं होतं, सोबत मीही गेलो. आधी तासभर नुसते सत्कार. विल्सनलाही शाल, नारळ, फेटा. फेट्यातच त्यानं जुनं गाणं काढलं, खुर्चीला चिकटलेले सगळे पुढारी म्हणजे ढेकूण. मी हळूच चपला घातल्या.

गाणं संपलं. चेअरमननी माईक घेतला.

"गानं लई भारी हाय. पर स्टेजवर एवढी मान्यवर मंडळी बसल्यात, एकाचंबी नाव घेतलं न्हाई."

विल्सननं तेच गाणं परत म्हटलं, नावं घालून. ज्याचं नाव येईल तो उठून नमस्कार करत होता.