अंगठा न दिलेला परवाना

काय सांगू तुम्हाला, आमचं मूळ घनसावंगीकडचं, मेंढरामागं हिंडणारी माणसं आम्ही. माझ्या बापाचा अंगठा एका उर्दू कागदावर घेतला, चराईची पावती हाय म्हणले, अन् त्याच कागदानं आमचं चराईचं रान गेलं, तवापासून कागद म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतो. लगीन होऊन जालन्याला आले, तवा निजामाचं राज व्हतं अन् तळ्याचं पाणी नळानं गावात आणायचं काम चालू व्हतं. नवरा आधी चर खंदायला लागला, मंग नळ जोडायचं शिकला. लोखंडी नळाच्या तोंडात सणाची, म्हंजी तागाची, दोरी ठोकायची अन् वरून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं मी वितळवायचे, बघून बघून माझाबी हात बसला.

तवा कायदा असा व्हता का परवान्याबिगर कोणी मोठ्या नळाला हात लावायचा न्हाई, मोरीचं घाण पाणी पिण्याच्या पाण्यात शिरंल म्हणून. नवऱ्याकडं परवाना व्हता. एकदा दोरी वली राह्यली, शिसं ओतलं तसं उडालं अन् त्याचे दोन्ही डोळे गेले. मंग तो शेजारी बसून सांगायचा अन् मी जोडायचे. पण परवाना दर साली नवा करावा लागायचा, अन् कचेरीत म्हणले आंधळ्याला मिळणार न्हाई. दीर म्हणला माझ्या नावावर करू. त्याला नळ कोण्या बाजूनं धरायचा तेबी ठावं न्हाई, मला त्याचाबी शक आला.

कचेरीत कागदपत्रं बघणारे एक म्हातारे पेशकार व्हते, मुसलमान, पांढरी दाढी. ते म्हणले तूच अर्जी कर, कायद्यात बाई नको असं कुठं लिव्हलंय. इंजिनेर साहेबासमोर मी जोड करून दाखवला, पाणी सोडलं, एक थेंब गळला न्हाई. आठ दिसांनी पेशकारांनी कागद पुढं केला, सगळा उर्दूत, म्हणले अंगठा दे. मला बापाचा अंगठा दिसला. ह्यो माणूस फुकटात माझं भलं कशाला करून राह्यला? म्हणलं वाचा. त्यांनी वाचलं. म्हणलं तुम्ही वाचलं तेच लिव्हलंय हे मला कसं कळावं? ते रागावले न्हाईत. म्हणले बेटी, भरोशाच्या माणसाकडून वाचून घे, पण जल्दी ये, मी जास्त दिवस हितं न्हाई. असं का म्हणले, त्याचाबी मला शकच आला.

भरोसा ठेवायचा कोणावर? गावात उर्दू वाचणारा जो-तो पेशकारांच्या वळखीचा. कागद पेटीत ठेवला, रोज काढून बघायचे, जसं काही बघून कळणारच व्हतं. पंधरा दिसांनी अंबडला गेले, तिथल्या शाळेच्या मास्तरानं वाचला. माझं नाव, नवऱ्याचं नाव, नळजोडणीचा परवाना, एका सालाचा. पेशकारांनी वाचलं तेच, बराबर तेच.

तशीच जालन्याला आले, तर पेशकारांची बदली झाल्ती. खुर्चीवर नवा माणूस. म्हणला अंगठा द्यायची मुदत गेली, अन् बायांना कशाला पायजे परवाना. कागद घेतला अन् माझ्यासमोर फाडला.

परवाना दिराच्या नावावर झाला. त्याची परीक्षा कोणी घेतली, कवा घेतली, हे मला आजवर कळलं न्हाई. साहेबासमोर तो उभा राह्यचा, नळ मी जोडायचे.

निजामी गेली, नवरा गेला, दीरबी गेला. जुन्या जालन्यात मातीखाली कैक जोड माझ्या हातचे हायेत, कागदावर नाव दिराचं. त्याचं मला आता काही वाटत न्हाई. पेशकार पुन्हा भेटले न्हाईत, न्हाईतर पाय धरले असते. त्यांची लेकरंबाळं जिथं असतील तिथं सुखात राहोत.