कोरी प्लेट

हसू नका, पण मी पालीला दचकत नाही तेवढी त्या कोऱ्या प्लेटला दचकले.

मी माती तपासायच्या लॅबमध्ये आहे ना. महाळुंग्याच्या कमलकाकूंचं शेत म्हणजे दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये उरलेला तुकडा. तिथे मेथी उगवते आणि पिवळी पडून मरते. त्यांच्या मातीचं पाणी मी जंतूंचं खाणं थापलेल्या काचेच्या प्लेटमध्ये घातलं. चांगल्या मातीतले जंतू दोन-तीन दिवसांत ठिपक्यांनी प्लेट भरून टाकतात. मुळांना जेवू घालणारे तेच. इथे एक ठिपका नाही! माझंच चुकलं असणार म्हणून पुन्हा केलं. पुन्हा कोरी.

काकू आल्या. "काय घावलं का गं पोरी?"

"काहीच नाही, काकू."

"एकबी जंतू न्हाई?" त्यांनी हातच जोडले. "म्हंजी रोग न्हाई! आमचं मालक म्हनत्यात, इकून टाकू. आता सांगते त्यास्नी, माती निरोगी हाय."

माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "काकू, मेलेल्याला कसला रोग?"

जोडलेले हात तसेच राहिले. म्हणाल्या, "मग रोज पानी कुनाला पाजत व्हते गं मी?"